व्हीपीएन लागेना? आधी मोबाईलचा हॉटस्पॉट लावा

चवथीला गावी आलेली माणसं पूर्वी दीड दिवसाचा गणपती पोचवून परत जायची. आता ती लॅपटॉप घेऊन येतात आणि डिचोली, सत्तरी, पेडण्याच्या घरात बसून पुढचे पंधरा दिवस पुण्या-बंगळुरूचं ऑफिस चालवतात. ऑफिसच्या सर्व्हरपर्यंत जायचा रस्ता म्हणजे व्हीपीएन, आणि तो नेमका सकाळच्या मीटिंगआधी बंद पडतो. मग वाड्यावरच्या ‘कॉम्प्युटरातलं कळणाऱ्या’ माणसाला फोन जातो. आमच्या वाड्यावर तो माणूस मी आहे.

फोन येईपर्यंत बहुतेकांनी एक गोष्ट करून झालेली असते: ॲप काढून पुन्हा घालणं. ऑफिसच्या लॅपटॉपवर ही सगळ्यात वाईट कल्पना. ॲपबरोबर आयटी विभागाने घातलेली प्रोफाइल, कधी प्रमाणपत्रही (म्हणजे ओळख पटवणारा डिजिटल दाखला) उडतं, आणि ते परत घालायला ॲडमिन पासवर्ड लागतो, जो तुमच्याकडे नसतो. साधा दोष मग दोन दिवसांचा होऊन बसतो.

दोष पाचांपैकी एका ठिकाणी असतो: तुमचा संगणक, घरातलं वाय-फाय आणि राउटर, नेटची लाइन, पलीकडचा व्हीपीएन सर्व्हर, किंवा त्या सर्व्हरच्या आतलं ऑफिसचं नेटवर्क. कुठे ते कळेपर्यंत एकाही सेटिंगला हात लावू नका. कळल्यावर एका वेळी एकच गोष्ट बदला, आणि काय बदललं ते कागदावर लिहून ठेवा. गुण आला नाही तर आधी ते पूर्ववत करा, मगच पुढचं.

नेट खरंच आहे का

व्हीपीएन पूर्ण बंद करा आणि ब्राउझरमध्ये एखादी नेहमी न उघडणारी वेबसाइट उघडा. नेहमीची साइट कधी कधी ब्राउझरच्या साठ्यातूनच दिसते आणि नेट आहे असा भास होतो.

साइट उघडली नाही तर भिंतीवरच्या फायबरच्या डब्याकडे पाहा. ‘पॉन’ दिवा स्थिर हिरवा हवा. ‘लॉस’ नावाचा दिवा लाल दिसत असेल, तर प्रकाशाचा सिग्नलच घरापर्यंत येत नाही. पावसाळ्यात आपल्याकडे याचं कारण बहुतेक वेळा रस्त्यावरच असतं: माडाचं चुडत खांबावरच्या केबलवर पडलेलं असतं. इथे संगणकाचा काही संबंध नाही, केबलवाल्याला फोन करायचा आणि बाकीचा लेख नंतर वाचायचा.

दिवे ठीक, तरी नेट नाही? मग व्हीपीएन ॲपमधला ‘किल स्विच’ तपासा. व्हीपीएन तुटलं तर बाकीचं सगळं नेट अडवून धरायचं, हे त्याचं काम. ॲप मध्येच कोसळलं की हा अडसर तसाच राहतो आणि माणूस लाइनवाल्याला शिव्या देत बसतो. ॲप पुन्हा उघडा, किल स्विच बंद करा, नेट येतं का पाहा.

पुढची परीक्षा कमांड प्रॉम्प्टमध्ये, म्हणजे हुकूम टाइप करायच्या विंडोजच्या काळ्या खिडकीत. ‘पिंग’ म्हणजे पलीकडच्या पत्त्याला मारलेली हाक. ‘पिंग’ लिहून पुढे ८.८.८.८ (गूगलच्या डीएनएस सेवेचा पत्ता) द्या (टाइप अर्थातच इंग्रजीत). उत्तर आलं, पण ‘पिंग’पुढे एखाद्या साइटचं नाव दिल्यावर ती सापडत नाही असं दिसलं, तर लाइन शाबूत आहे आणि नावाचा पत्ता शोधणारी डीएनएस सेवा आजारी आहे. अशा वेळी व्हीपीएनही लागणार नाही, कारण त्यालाही सर्व्हरचा पत्ता नावावरूनच शोधावा लागतो. नेटवर्कच्या सेटिंगमध्ये डीएनएस म्हणून ८.८.८.८ किंवा १.१.१.१ घालून पाहा.

हॉटस्पॉटची परीक्षा

यासारखी स्वस्त आणि खात्रीची तपासणी दुसरी नाही. मोबाईलचा हॉटस्पॉट चालू करा, लॅपटॉप त्याला जोडा, व्हीपीएन लावा.

एक खबरदारी: आधी मोबाईलवरचं वाय-फाय बंद करा आणि मोबाईल डेटा चालू आहे याची खात्री करा. बऱ्याच अँड्रॉइड फोनना घरचंच वाय-फाय हॉटस्पॉटमधून पुढे देता येतं. तसं झालं तर तुम्ही त्याच लाइनवर बसून ‘दुसऱ्या नेटवरही लागत नाही’ असा निष्कर्ष काढाल.

हॉटस्पॉटवर व्हीपीएन लागलं, तर संगणक, पासवर्ड आणि ऑफिसचा सर्व्हर तिन्ही निर्दोष. घोळ घरच्या राउटरमध्ये किंवा लाइनवर. दोन्हीकडे लागलं नाही, तर राउटर निर्दोष, आणि शोध संगणक, खातं आणि सर्व्हरकडे वळवायचा. लागतं पण आतलं काही उघडत नाही, हा तिसरा प्रकार. त्याचा वेगळा भाग पुढे आहे.

फक्त घरच्या लाइनवर लागत नाही

राउटर बंद करून मिनिटभर थांबा आणि पुन्हा चालू करा. ऐकायला बावळट वाटतं, पण राउटरच्या आतली जोडण्यांची यादी तुंबली असेल तर एवढ्यानेही सुटतं.

सुटलं नाही, तर पोर्टचा विचार करा. पोर्ट म्हणजे वाहतुकीचा दरवाजा, आणि प्रत्येक प्रकारच्या व्हीपीएनचा तो ठरलेला असतो. खालची नावं व्हीपीएनच्या प्रकारांची, आणि यूडीपी, टीसीपी या माहिती पाठवायच्या दोन पद्धती. ओपनव्हीपीएन बहुधा यूडीपी ११९४ वापरतं, वायरगार्ड यूडीपी ५१८२०, आयकेईव्ही२ यूडीपी ५०० आणि ४५००. जुन्या एलटूटीपीला याखेरीज १७०१ लागतो. यातला एखादा वाटेत अडला की सगळं अडलं. याउलट टीसीपी ४४३ सहसा कोणी अडवत नाही, कारण सुरक्षित वेबसाइटची बहुतेक वाहतूक त्याच दरवाजाने होते. म्हणून ॲपमध्ये ‘प्रोटोकॉल’ची निवड असेल तर ओपनव्हीपीएन टीसीपी ४४३ निवडून पाहा. विंडोजच्या स्वतःच्या व्हीपीएनमध्ये एसएसटीपी हा प्रकारही ४४३ वरूनच जातो, अर्थात पलीकडे सर्व्हरवर तो चालू हवा. वेग थोडा कमी होईल. त्यावर लागलं, तर यूडीपी कुठेतरी अडतंय हे सिद्ध झालं.

कुठे, ते पाहायला राउटरच्या पानावर (ब्राउझरमध्ये राउटरचा पत्ता घातल्यावर उघडतं ते) जा. सुरक्षा किंवा फायरवॉलच्या भागात ‘व्हीपीएन पासथ्रू’ किंवा ‘आयपीसेक पासथ्रू’ अशी खूण असते, ती चालू हवी. फायरवॉलची पातळी ‘हाय’ असेल तर ‘मीडियम’ करा. फायबरवाल्याने दिलेल्या डब्यात ही पानं कधी कधी कुलूपबंद असतात. मग त्यालाच सांगावं लागतं, आणि सांगताना ‘व्हीपीएन चालत नाही’ एवढंच न म्हणता ‘यूडीपी ५०० आणि ४५०० जात नाहीत’ असं म्हणा. फोनच्या पलीकडचा माणूस लगेच गंभीर होतो.

एका छपराखाली दोघं एकाच कंपनीत असाल आणि कंपनीचं व्हीपीएन जुनं एलटूटीपी असेल, तर एकाचं लागताच दुसऱ्याचं तुटतं, असंही घडतं. तुमच्याकडे यावर उपाय एकच, एकाने हॉटस्पॉट वापरणं. पक्का इलाज कंपनीने करायचा आहे.

कुठेच लागत नाही

घड्याळापासून सुरू करा. हसू नका. व्हीपीएनची प्रमाणपत्रं अमुक तारखेपासून तमुक तारखेपर्यंत वैध असतात. संगणकाची तारीख मागे गेली असेल, तर त्याच्या हिशेबाने प्रमाणपत्र अजून जन्मालाच आलेलं नसतं, आणि जोडणी नाकारली जाते. जुन्या डेस्कटॉपवर हे हमखास होतं. मदरबोर्डवरचा सीआर२०३२ हा नाण्याएवढा सेल संपला, आणि लाईट गेली, की घड्याळ कित्येक वर्षं मागे उडी मारतं. सेल स्वस्त आहे, बदलून घ्या. तोपर्यंत ‘टाइम अँड लँग्वेज’मध्ये ‘सिंक नाऊ’ दाबा. मोबाईलवरच्या ॲपमधून सहा आकडी कोड घालावा लागत असेल, तर मोबाईलचं घड्याळही स्वयंचलित ठेवा. तो कोड वेळेवरूनच तयार होतो आणि साधारण दर ३० सेकंदांनी बदलतो.

मग एरर वाचा. पडद्यावर आकडा आलेला असतो आणि लोक ‘ओके’ दाबून मोकळे होतात. विंडोजच्या व्हीपीएनमध्ये नेहमी भेटणारे आकडे असे:

६९१ म्हणजे नाव किंवा पासवर्ड चुकीचा, किंवा खात्याला परवानगीच नाही. पासवर्डची मुदत संपली असेल तरी हाच येऊ शकतो, म्हणून आधी त्याच पासवर्डने वेबमेल उघडतं का ते पाहा.

८६८ म्हणजे सर्व्हरचं नाव सापडलं नाही. डीएनएस, किंवा नाव टाइप करताना राहिलेलं एखादं अक्षर.

८०९ म्हणजे सर्व्हरपर्यंत पोचलोच नाही. फायरवॉल किंवा वाटेतला राउटर. हॉटस्पॉटवर हा एरर नाहीसा झाला तर वरचा ‘फक्त घरच्या लाइनवर लागत नाही’ हा भाग पुन्हा वाचा.

७८९ एलटूटीपीचा. संगणक आणि सर्व्हर यांची सुरक्षेवर बोलणी फिसकटली. सामायिक कळ, म्हणजे प्री-शेअर्ड की, पुन्हा नीट घाला. कॉपी करताना शेवटी एखादी मोकळी जागा आलेली असते.

१३८०१ आयकेईव्ही२चा. प्रमाणपत्र मान्य नाही. तारीख बरोबर असेल तर हे काम ऑफिसचं.

७२० आला तर विंडोजच्या आतले नेटवर्कचे ड्रायव्हर विस्कटले आहेत. डिव्हाइस मॅनेजरमध्ये ‘नेटवर्क ॲडॉप्टर्स’खाली ‘वॅन मिनीपोर्ट’ नावाच्या नोंदी दिसतात. त्यातल्या आयपी आणि आयपीव्ही६ या काढा, ‘स्कॅन फॉर हार्डवेअर चेंजेस’ दाबा आणि संगणक पुन्हा सुरू करा, त्या आपोआप परत येतात.

ओपनव्हीपीएन आकडे देत नाही, लॉग देतं. त्यात ‘ऑथ फेल्ड’ असेल तर पासवर्ड. ६० सेकंदांत ‘टीएलएस की निगोशिएशन’ झालं नाही असं वाक्य असेल, तर तुमची हाक पलीकडे पोचत नाही किंवा उत्तर परत येत नाही.

वायरगार्डची तऱ्हा तिसरीच, आणि ती माहीत नसली की माणूस चकतो. ते चूक झाली तरी तक्रार करत नाही. बटण दाबताच ‘ॲक्टिव्ह’ दाखवतं, पलीकडे सर्व्हर असो वा नसो, कळ चुकीची असो वा बरोबर. खरं काय ते खाली पाहा. ‘लेटेस्ट हँडशेक’ (सर्व्हरशी शेवटची ओळख कधी पटली) ही ओळ दिसते का? नसेल तर जोडणी झालेलीच नाही. ‘ट्रान्सफर’मध्ये पाठवलेले बाइट वाढताहेत आणि मिळालेले शून्यावर आहेत, म्हणजे तुम्ही बोलताय आणि कोणी उत्तर देत नाही. पत्ता, पोर्ट आणि दोन्ही बाजूंच्या कळा तपासा.

एरर काहीच सांगत नसेल तर अँटिव्हायरस थोडा वेळ थांबवून पाहा (विंडोजची स्वतःची फायरवॉल चालू ठेवा), आणि दुसरं एखादं व्हीपीएन मागे चालू नाही ना ते बघा. परदेशी मालिका पाहायला घेतलेलं व्हीपीएन आणि ऑफिसचं व्हीपीएन एकत्र नांदत नाहीत. रस्त्यांच्या यादीवरून त्यांची मारामारी होते, शिवाय ऑफिसचा सर्व्हर फक्त भारतातून प्रवेश देत असेल तर तुम्ही त्याला ॲमस्टरडॅममध्ये बसलेले दिसता.

अपडेटकडेही संशयाने पाहायला हरकत नाही. जानेवारी २०२२ मध्ये विंडोजच्या मासिक अपडेटनंतर कित्येकांचं एलटूटीपी व्हीपीएन बंद पडलं होतं आणि मायक्रोसॉफ्टला काही दिवसांत वेगळी दुरुस्ती काढावी लागली होती. काल चालत होतं, आज नाही, आणि रात्री संगणक आपोआप रिस्टार्ट झाला, असं असेल तर ‘अपडेट हिस्टरी’ उघडून तारीख जुळते का पाहा.

‘नेटवर्क रीसेट’ हे बटण सगळ्यात शेवटी. त्याने वाय-फायचे साठवलेले पासवर्ड पुसले जातात आणि व्हीपीएन ॲप पुन्हा घालावं लागू शकतं. ऑफिसच्या मशीनवर विचारल्याशिवाय दाबूच नका.

लागतं, पण काही उघडत नाही

हिरवी खूण आहे, ‘कनेक्टेड’ लिहिलंय, आणि पान गोल गोल फिरतंय. यात तीन वेगळे रोग आहेत आणि लक्षणांवरून ते ओळखता येतात.

पहिला: छोटं चालतं, मोठं अडकतं. पिंग जातो, लॉगिनचं पान येतं, पण मोठी फाइल किंवा रिमोट डेस्कटॉप गोठतो. हा एमटीयूचा प्रकार. नेटवर माहिती छोट्या पाकिटांतून जाते, आणि एका पाकिटात जास्तीत जास्त किती मावतं तो आकडा म्हणजे एमटीयू. साध्या लाइनवर एका पाकिटात १५०० बाइट मावतात. पीपीपीओई पद्धतीच्या, म्हणजे राउटरमध्ये युजरनेम-पासवर्ड घालून चालणाऱ्या लाइनवर १४९२. व्हीपीएन प्रत्येक पाकिटाला वरून आणखी एक वेष्टण घालतं, आणि हिशेब चुकला तर मोठी पाकिटं वाटेतच गळतात.

मोजून बघा. व्हीपीएन बंद ठेवून कमांड प्रॉम्प्टमध्ये द्या: पिंग -एफ -एल १४७२ ८.८.८.८ (एफ आणि एल ही इंग्रजी लहान अक्षरं, आधी आडवी रेघ). उत्तर आलं तर लाइन पूर्ण १५०० ची, कारण १४७२ मध्ये २८ बाइट शीर्षकाचे मिळवायचे. पाकीट फोडावं लागेल असा संदेश आला तर १४६४ द्या. तो गेला, तर लाइन १४९२ ची. तोही अडला तर दहा-दहाने उतरत जा. जो सगळ्यात मोठा आकडा जाईल त्यात २८ मिळवा, तो तुमच्या लाइनचा एमटीयू. व्हीपीएनचा त्याहून किमान ८० ने कमी ठेवा. वायरगार्डमध्ये ‘इंटरफेस’ भागात एमटीयूची एक ओळ घालायची असते. १५०० च्या लाइनवर त्याचा नेहमीचा आकडा १४२० चालतो, १४९२ च्या लाइनवर मी सरळ १३८० घालतो. तेही अडलं तर १२८०. इतकं खाली जाऊनही गोठत असेल तर रोग वेगळा आहे.

दुसरा: आकड्याने उघडतं, नावाने नाही. ऑफिसच्या सर्व्हरचा आयपी पत्ता घातला तर पान येतं, नाव घातलं तर नाही. याचा अर्थ नाव शोधायची विनंती ऑफिसच्या डीएनएसकडे न जाता घरच्या डीएनएसकडे जातेय, आणि त्याला तुमच्या कंपनीच्या आतली नावं माहीत असायचं कारण नाही. आधी तुम्ही स्वतः ८.८.८.८ घातलं असेल तर ते काढा. ब्राउझरमधलं ‘सिक्युअर डीएनएस’ही बंद करून पाहा, ते संगणकाला न विचारता परस्पर बाहेर जातं.

तिसरा सगळ्यात फसवा. घर आणि ऑफिस, दोन्हीकडे पत्ते एकाच मालिकेतले. घरचा राउटर १९२.१६८.१.१, आणि ऑफिसचा फाइल सर्व्हर १९२.१६८.१.२०. संगणकाला वाटतं हा पत्ता आपल्याच घरातला आहे, म्हणून तो व्हीपीएनकडे न जाता घरातच त्याला हाका मारत बसतो. हॉटस्पॉटवर हेच काम चालतं, कारण मोबाईल बहुधा वेगळी मालिका देतो. उपाय घरच्या राउटरमध्ये: त्याचा लॅन पत्ता (घरातल्या नेटवर्कमधला पत्ता) बदलून १९२.१६८.५७.१ असं काहीतरी अनवट करा. राउटर रिस्टार्ट होईल आणि त्याचं पान नव्या पत्त्यावर उघडेल. घरातला प्रिंटर किंवा सीसीटीव्हीचा रेकॉर्डर पक्क्या पत्त्यावर लावलेला असेल तर तो दिसेनासा होईल, त्याचाही पत्ता बदलावा लागेल. आधी घरच्यांना सांगून ठेवा, नाहीतर व्हीपीएन सुरू आणि घरात युद्ध.

व्हीपीएन लागताच बाकीचं नेट बंद पडतं, ही तक्रारही येते. विंडोजच्या व्हीपीएनमध्ये आयपीव्ही४ च्या ‘ॲडव्हान्स्ड’ भागात दूरच्या नेटवर्कचा डीफॉल्ट गेटवे वापरण्याची खूण असते. ती काढली की फक्त ऑफिसची वाहतूक व्हीपीएनमधून जाते. पण कंपनीने ती मुद्दाम ठेवलेली असू शकते. विचारून काढा.

लागतं आणि तुटतं

गोव्यात याची दोन कारणं मी सगळ्यात जास्त पाहतो. एक वीज. पावसाळ्यात लाईट जाते असं नाही, क्षणभर डोळा मिटते. पंखा थांबत नाही, लॅपटॉप बॅटरीवर असल्याने त्याला पत्ताही लागत नाही, पण राउटर रिस्टार्ट होतो आणि व्हीपीएन तुटतं. ॲपला दोष देण्याआधी राउटरच्या पानावर ‘अपटाइम’ पाहा. तो काही मिनिटांचाच असेल तर गुन्हेगार सापडला. राउटरसाठी छोटा डीसी यूपीएस मिळतो. बहुतेक घरगुती राउटर १२ व्होल्टचे असतात, तरी अडॉप्टरवरचा व्होल्ट आणि अँपिअरचा आकडा पाहूनच घ्या. फायबरचा डबा वेगळा असेल तर त्यालाही त्यावरच जोडा.

दुसरं कारण चिऱ्याच्या भिंती. जुन्या घराची जाड भिंत ५ गिगाहर्ट्झच्या वाय-फायला पार होत नाही. यूट्यूब आधीच साठवून घेतं म्हणून चालतं, व्हीपीएनला मात्र मध्ये गळलेली पाकिटं जाणवतात. राउटर सोप्यावर आणि तुम्ही मागच्या खोलीत असाल तर २.४ गिगाहर्ट्झवर या, किंवा सरळ लॅनची केबल ओढा. मी केबलच सुचवतो.

काही न करता थोडा वेळ बसलं की वायरगार्ड मुकं होत असेल, तर ‘पर्सिस्टंट कीपअलाइव्ह’ २५ ठेवा. राउटर मग जोडणी विसरत नाही.

विकतचं व्हीपीएन, आणि उलटा प्रवास

पैसे भरून घेतलेल्या व्हीपीएनमध्ये ‘भारत’ निवडल्यावर संथ वाटत असेल तर त्यामागे इतिहास आहे. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा यंत्रणेने एप्रिल २०२२ मध्ये व्हीपीएन कंपन्यांना ग्राहकांची माहिती पाच वर्षं ठेवायला सांगितल्यावर एक्सप्रेसव्हीपीएन, नॉर्डव्हीपीएन, सर्फशार्क यांनी भारतातले प्रत्यक्ष सर्व्हर हलवले. यादीतला ‘भारत’ अनेकदा सिंगापूरसारख्या ठिकाणी बसलेला असतो. कंपनीने आपल्या कर्मचाऱ्यांसाठी चालवलेल्या व्हीपीएनला तो नियम लागू नाही.

जहाजावरचा किंवा आखातातला मुलगा घरच्या संगणकाला बाहेरून जोडू पाहत असेल, तर राउटरच्या पानावरचा वॅन आयपी, म्हणजे नेटवाल्याने राउटरला दिलेला पत्ता, बघा. तो १००.६४ ते १००.१२७ यांपैकी कशानेही सुरू होत असेल, तर तुमचा पत्ता शेकडो घरांशी वाटून घेतलेला आहे आणि पोर्ट फॉरवर्डिंगचा (बाहेरून आलेली जोडणी राउटरने घरच्या संगणकाकडे वळवायची सोय) काही उपयोग नाही. नेटवाल्याकडे पैसे भरून स्थिर आयपी मागा, किंवा टेलस्केलसारखी दोन्ही टोकांकडून बाहेर येऊन भेटणारी सोय वापरा.

ऑफिसला कळवताना

वरचं सगळं करूनही अडलं तर आयटीला मोबाईलवरून मेल करा. लॉग जोडा, पण त्यात पासवर्ड किंवा कळ दिसत नाही ना ते आधी वाचून घ्या. मजकूर साधारण असा:

‘आज सकाळी ८.४० पासून व्हीपीएन जोडलं जात नाही. घरचं फायबर आणि मोबाईल हॉटस्पॉट, दोन्हींवर तोच एरर, १३८०१. संगणकाची तारीख-वेळ बरोबर आहे. त्याच पासवर्डने वेबमेल उघडतं. काल संध्याकाळपर्यंत चालत होतं, रात्री विंडोजचं अपडेट झालं. ॲप काढलेलं नाही, सेटिंग बदललेलं नाही.’

एवढं वाचून समोरचा माणूस थेट तुमचं प्रमाणपत्र तपासायला घेतो. ‘नेट चालू आहे का?’ इथून त्याला सुरुवात करावी लागत नाही.